मातीच्या पाटीवरचा भाऊ

आजच्या या निरोपाच्या सभेचे अध्यक्ष, आपल्या यहूदवाडीचे सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ आणि माझ्या दिवंगत यजमानांचे जिवलग मित्र रफायाभाऊजी. ज्यांच्या सत्कारासाठी आपण जमलो आणि जे आज स्वतःही गाव सोडताहेत, ते आपले लेखक पलत्या. नदीकाठच्या तळावरून गावाची यादी न्यायला मुद्दाम आलेले पाहुणे, ज्यांनी अजून एक खजूरही तोंडात टाकलेला नाही आणि ज्यांची नजर सारखी कालव्याकडे जाते आहे. आज यरुशलेमला निघालेले आपले अकरा जण. त्यांचे रडणारे आणि न रडणारे नातेवाईक. चुलीपाशी उभ्याने ऐकणाऱ्या माझ्या लेकी-सुना. आणि केवळ कोकराच्या वासावर आलेली मंडळी, कारण तीही आपलीच आहेत: तुम्हां सर्वांना शांती असो.

सूर्य खाली चालला आहे. तो बुडाला की शब्बाथ लागेल, विसाव्याचा दिवस, मग ना बोरू चालणार ना वल्हं. त्याआधी या मंडळींची नाव तळाला पोचली पाहिजे. म्हणजे मला बोलायला वेळ किती? अध्यक्षांनी बोलून उरवला तेवढा. अध्यक्ष फार छान बोलले. मधे एकदा मला डुलकी लागली, पण ती त्यांच्या आवाजाच्या गोडव्यामुळे. जाग आली तेव्हा ते म्हणत होते, "माणूस चुकेल, आठवण चुकेल, पण लिहिलेलं कधी खोटं बोलत नाही." सभेने माना डोलावल्या. मीही डोलावली. हे वाक्य मी जपून ठेवलं आहे.

मला अक्षर येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याआधीच्या दोघांनी लिहून आणलेलं वाचून दाखवलं. एकाने तर तीच ओळ दोनदा वाचली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही असं समजून पुढे गेला. मी पोटातलं बोलणार. पलत्या मांडीवर कातडं घेऊन लिहून घेतो आहे. बघा तरी, सत्काराच्या दिवशीही याच्या हाताला खाज. लिही बाबा. मी सांगते म्हणून लिही, एकही शब्द गाळू नकोस.

सत्कारमूर्तीबद्दल दोन शब्द बोलायची पद्धत आहे, तर ते आधी बोलते.

पलत्या तीस वर्षांपूर्वी या गावात आला तेव्हा इतका बारीक होता की त्याच्यापेक्षा त्याची बोरूची पिशवी जाड दिसायची. कोणाच्या घरी मूल झालं, कोणाचं लग्न लागलं, कोण गेलं, ते हा लिहायचा. आणि उरलेल्या वेळात म्हाताऱ्या माणसांच्या दारात जाऊन बसायचा. "काकू, तुमच्या आजीने यरुशलेमहून येताना काय काय गोष्टी आणल्या, तेवढं सांगा." यरुशलेम जळलं तेव्हा आपल्या लोकांना बाबेलच्या मुलखात चालवत आणलं, आणि चालणाऱ्याच्या डोक्यावर गाठोडं मावतं तेवढंच. बाकी सगळं तोंडात आणलेलं. ती तोंडं जायच्या आत कातड्यावर उतरवायची, ही याची घाई. आमची तोंडं कधी जातील याची एवढी काळजी आमच्या सुनांनीही कधी केली नाही.

तर एकदा हा माझ्या चुलीपाशी येऊन बसला. महापुराची गोष्ट काढली. मी सांगितलं, नोहाने शुद्ध जनावरांच्या सात-सात जोड्या घेतल्या. याचा बोरू थांबला.

"काकू, रफायाकाका तर म्हणाले प्रत्येकाची एकच जोडी."

"रफायाकाकांनी कधी तरी मेंढ्या पाळल्यात का?"

"त्यांच्या आजोबांनी सांगितलंय म्हणे. ते मंदिरात सेवेला होते."

"असतील. पण नोहा पुरातून बाहेर आला तेव्हा त्याने देवाला बळी दिला की नाही? दिला. एकच जोडी होती, त्यातला मेंढा कापला. मग आज हे एवढे कळप आले कुठून? रफायाकाकांच्या पोटातून?"

हा तसाच उठला आणि हे बोलणं भाऊजींना सांगायला गेला. अक्षरन् अक्षर. पोटासकट. तीन दिवस याने त्यांच्या दारातून माझ्या दारात आणि माझ्या दारातून त्यांच्या दारात फेऱ्या मारल्या. भाऊजी हटेनात, मी हटेना. शेवटी याने काय केलं असेल? दोन्ही लिहिलं! एका ठिकाणी जोडी, दुसऱ्या ठिकाणी सात जोड्या, एकाच गुंडाळीत. मी म्हटलं, "अरे, वाचणारे डोकं खाजवतील." तर म्हणाला, "खाजवू देत. दोन्ही घरांनी जिवापाड जपलंय. मी कोण एकाला पुसणारा?"

हसा, हसा. अध्यक्षही हसले, बरं वाटलं. थोडं हसून घ्या भाऊजी.

याच पलत्याने आज पाहुणे नेणार आहेत ती यादी लिहिली आहे. कोण कोणाचा, कोणत्या घराण्याचा, कोणत्या कुळाचा. तिथे यरुशलेमला, पुन्हा बांधलेल्या मंदिराच्या दारात उभं राहिल्यावर याजक तुमचं तोंड बघणार नाहीत, यादी बघतील. यादीत याजक तो याजक. यादीत लेवी, म्हणजे मंदिराच्या सेवेच्या कुळातला, तो आत जाऊन गाणार. यादीत नाही तो बाहेर. यावर कोणाचं रडणं चालत नाही, कोणाची ओळख चालत नाही. पाहुणे मान हलवताहेत, म्हणजे मी बरोबर सांगते आहे.

आता याच पाहुण्यांनी आठ दिवसांपूर्वी निरोप आणला होता, तो आठवा. तळावर मोजणी झाली. घराणी जमली, याजक जमले, भांडीकुंडी जमली. लेवी एकही नाही! मंदिरात गायला माणूस नाही. हा निरोप इथेच, या खजुरांखाली वाचला गेला आणि माझा नातू उझ्झी उठून उभा राहिला. "मी लेवी आहे. माझे आजोबा गालाल आसाफच्या गायक घराण्यातले. मी येतो." गावाने टाळ्या वाजवल्या. त्याचा आवाज तुम्ही सगळ्यांनी ऐकला आहे, त्यावर मी बोलणं बरं नव्हे. आजीचे कान नातवाच्या बाजूचे असतात.

मग पलत्याने गुंडाळी उलगडली. त्यात काय निघालं? "उझ्झी, मिकाचा मुलगा. मिका, गालालचा मुलगा. गालाल, शफातचा मुलगा. कूळ यहूदा." शफात म्हणजे माझे वडील. माझा नवरा माझ्या बापाचा मुलगा! पलत्याने दोनदा वाचलं. टाळ्या वाजवलेले हात लोकांनी मांडीवर ठेवले.

संध्याकाळी पोरगा माझ्यासमोर येऊन बसला. मी जवाचं पीठ मळत होते.

"आजी, आजोबा खरंच लेवी होते?"

"होते म्हणजे काय? डोक्यापासून पायापर्यंत."

"मग यादीत यहूदाचे कसे?"

"लिहिणाऱ्याला विचार."

"विचारलं. तो म्हणाला, राजाच्या मातीच्या पाटीवरून उतरवलंय. आजी, लहानपणी मला झोपवायला तू ज्या गोष्टी सांगायचीस, त्यातलीच ही एक आहे का? असली तर आत्ता सांग. मंदिराच्या दारात कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं."

मी पीठ मळतच राहिले. त्या दिवशीच्या भाकरी कोणी खाल्ल्या असतील त्यांना ठाऊक, विटा झाल्या होत्या.

असो. विषय सत्काराचा आहे. आणि सत्कारावरून आठवलं, अध्यक्षांच्या एका उपकाराचा जाहीर उल्लेख आजवर राहून गेला आहे. पंचेचाळीस वर्षं राहिला. आज सभा भरलेली आहे, अध्यक्ष समोर आहेत, तर तो करून टाकते.

भाऊजी, पाणी हवंय का? अगं, अध्यक्षांना पाणी द्या कोणीतरी.

माझ्या वडिलांना राजाकडून कालव्याच्या काठची धनुष्याची जमीन होती. तुमच्यातल्या निम्म्यांकडे तशीच आहे. घरातला एक पुरुष धनुष्य घेऊन राजाच्या चाकरीला जातो तोवर जमीन घराची. वडिलांना मुलगा नाही. मी एकटी. मला दिली गालालला, आणि त्या लेवीकडे काय होतं? एक वीणा आणि तिच्यापेक्षा जास्त वाजणारे दात, थंडीत. वडील गेले. चौथ्या दिवशी राजाचा अधिकारी दारात. बरोबर त्याचा लेखक, हातात ओल्या मातीचा गोळा. मी तेव्हा सहा महिन्यांची, मिका पोटात.

"जमीन शफातची. शफातचा मुलगा कोण?"

मुलगा नाही म्हटलं असतं तर सूर्य मावळायच्या आत आम्ही रस्त्यावर. गालाल मागे उंबऱ्यावर बसला होता. मी बोट केलं. "हा."

"हा शफातचा मुलगा?"

"हो."

"आणि तू?"

"मी शफातची मुलगी."

"म्हणजे हा तुझा भाऊ."

"हो साहेब. माझा भाऊ."

अधिकाऱ्याने माझ्या पोटाकडे पाहिलं. "आणि तुझा नवरा?"

"कालव्याच्या कामावर गेलाय, साहेब."

आता हसता! आपला मूळपुरुष अब्राहाम. त्याने परक्या राजाला सांगितलं की ही बायको नव्हे, माझी बहीण. ती गोष्ट ऐकताना कोणी हसत नाही. त्याने ते जिवाच्या भीतीने केलं, मी घराच्या भीतीने. बाबेलच्या बाया खोटं बोलताना काय बोलत असतील कोण जाणे. आपल्या बाईच्या तोंडी हेच येणार, आजीच्या मांडीवर हेच ऐकलेलं असतं. फरक एवढाच, की अब्राहामाच्या वेळी कोणी मातीवर लिहून घेतलं नाही.

अधिकारी म्हणाला, "साक्षीदार?" दाराच्या चौकटीला टेकून एक तरणाबांड माणूस उभा होता, दुखवट्याच्या घरात खजुरांची टोपली घेऊन आलेला. अधिकाऱ्याने त्याला विचारलं, "ही म्हणते ते खरं?" त्या माणसाने गालालकडे पाहिलं. गालालने मान खाली घातली. मग त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं. आणि म्हणाला, "खरं." टोपली खाली ठेवली आणि ओल्या मातीत साक्षीची खूण म्हणून नख दाबलं.

तर तेव्हापासून आम्ही घरात नवरा-बायको आणि मातीच्या पाटीवर भाऊ-बहीण. त्या एका नखामुळे माझा मिका छपराखाली जन्मला. त्या माणसाचे मी कधी आभार मानले नाहीत. आज मानते.

नाही, नाव मी घेणार नाही. सभेच्या शिस्तीत ते बसत नाही.

यात नुकसान कोणाचं झालं? मला वाटलं, कोणाचंच नाही. राजाच्या कोठारातली पाटी, ती तिथे वाळेल, आपल्याला काय तिचं? गालाल मात्र बदलला. शब्बाथच्या संध्याकाळी हा दारात बसून मंदिरातली गाणी गायचा, बापाकडून आलेली. त्या आठवड्यात दिवा लागला, मी वीणा आणून पुढ्यात ठेवली, तर म्हणाला, "या घरात शफातचा मुलगा राहतो. शफातच्या मुलाला गाणं येत नाही." मी थट्टा केली. मी सगळ्याचीच करते. हा हसला नाही. वीणा घेऊन कालव्यापलीकडच्या लव्हाळ्यात गेला आणि तिकडे गायला. पुढची सगळी वर्षं तिकडेच गायला. घरात कधीही नाही.

आणि मग आलं ते मोठं पाणी, कालवा फुटला ते. गावाची जुनी गुंडाळी भिजून लगदा झाली. पलत्याने नवी केली. कशावरून? मातीच्या पाट्यांवरून, कारण माती भाजलेली होती, तीच टिकली. बिचाऱ्याने शिवारभर हिंडून, अधिकाऱ्यांच्या पाया पडून एकेक पाटी वाचली. माझं खोटं मातीतून उठलं आणि आपल्या स्वतःच्या गुंडाळीत जाऊन बसलं, याजकांच्या आणि लेवींच्या नावांशेजारी. आणि मला पत्ता नाही! अक्षर येत असतं तर त्याच दिवशी किंचाळले असते.

सात दिवसांपूर्वी मी पलत्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्याचा बोरू हातातून पडला.

"काकू, हे आत्ता सांगताय?"

"तू आत्ता वाचलंस म्हणून आत्ता सांगते. लिही, गालाल लेवी."

"एका तोंडावर लिहिता येत नाही. दोन साक्षी लागतात. शास्त्र आहे."

"मी दोघांइतकं बोलते रे. गावाला विचार."

"तरी तोंड एकच, काकू. आणि तेही बाईचं, आणि तेही घरातलं. ते एक मी माझ्या जबाबदारीवर धरतो. पण दुसरं आणा. पुरुषाचं, परक्या घरातलं, त्या दिवशी तिथे हजर असलेलं."

बरोबर बोलला. त्याचा राग आला, पण बरोबर बोलला. म्हणून मी दुसरं तोंड आणायला निघाले. एका घरी गेले. पहिल्या दिवशी कळलं, मालक झोपलेत. दुपार होती, मी म्हटलं असू दे. दुसऱ्या दिवशी कळलं, प्रार्थनेत आहेत. सबंध दुपार प्रार्थनेत! देवालाही जेवू दिलं नसेल. तिसऱ्या दिवशी सूनबाई दारात आली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "मामंजी कालवा बघायला गेलेत." ज्या माणसाने चार वर्षांत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही, तो कालवा बघायला!

मग कळलं की आजच्या सभेचे अध्यक्ष कोण ते. तेव्हा मी पलत्याला म्हटलं, मलाही दोन शब्द बोलायचे आहेत. सभेत अध्यक्षाला शेवटपर्यंत बसावं लागतं. ही किती सुंदर पद्धत आहे! ज्याने कोणी काढली त्याला माझा नमस्कार.

काय रे उझ्झी? मोठ्याने बोल, सभा आहे.

"आजी, राहू दे. त्यांना असं सगळ्यांत नको. मी यहूदाचा म्हणून जातो. पाणी भरेन, लाकडं वाहीन."

बस खाली. पाणी भरायला इथे काय कालवा नाही? एवढ्या लांब चार महिने चालत जाऊन कोणी पाणी भरतं का? बस. तुझ्या आजोबाने एकदा मान खाली घातली, त्याचं काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे.

पाहुणे उठले. बसा हो. नाव तुमच्याशिवाय सुटणार नाही आणि सूर्य अजून खजुरांच्या शेंड्यावर आहे. तेवढ्यात माझं होतं.

भाऊजी, आता थट्टा पुरे. आता मी तुमच्याशी बोलते. बाकीच्यांनी कान दुसरीकडे केले तरी चालतील.

खोटी साक्ष हे केवढं पाप आहे, ते मला कोणी शिकवायला नको. ते देवाच्या दहा आज्ञांत आहे. तुम्ही या गावाचे न्यायनिवाडे करता. तुमच्या तोंडाकडे बघून लोक खरं बोलतात. आज उठलात तर उद्या एखादा टवाळ तुमच्या दारात येऊन नखं मोजेल, हे तुम्हांला दिसतंय. मलाही दिसतंय. म्हणून मी तुमच्या दारातून तीनदा गुपचूप परत आले, गलका केला नाही. जीभ माझी होती, बेत माझा होता. तुमचं एक नख, तेही माझ्या पोटाकडे बघून दाबलेलं. मी ते कधी पाप म्हणून मोजलं नाही. देव कसं मोजतो ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक असल्याचा आव मी आणणार नाही.

पण एक गोष्ट तुम्हांला वाटत असेल मला माहीत नाही, ती मला माहीत आहे. त्या दिवसानंतर तुम्ही शब्बाथच्या संध्याकाळी आमच्याकडे येणं बंद केलंत. मला वाटलं माझ्यावर रागावलात. वर्षानुवर्षं तसंच धरून मी तुम्हांला टोमणे मारले. शेवटच्या दुखण्यात गालालने सांगितलं. म्हणाला, "रफाया दर शब्बाथला पलीकडे येतो. लव्हाळ्यात माझ्यापासून वीस पावलांवर बसतो. मी गातो, तो ऐकतो. एक शब्द बोलत नाही. गाणं संपलं की उठून जातो." मी विचारलं, "किती वर्षं?" तर म्हणाला, "सगळी."

भाऊजी, मी त्याची बायको, आणि तो जाईपर्यंत मला त्याचं गाणं पंचवीस वर्षं ऐकू आलं नाही. ते सगळं तुमच्या कानात आहे. त्याच्याबरोबर तिकडे हा उझ्झी शेवटची दोन-तीन वर्षं होता, तेव्हा एवढासा. मिकाने जमीन धरली, त्याला गाणं कधी दिलंच नाही. गालाल कोणाच्या घराण्यातला होता हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? मला तर तो सांगायचा म्हणून ठाऊक. तुम्ही ऐकलंय.

मी आता थोडा वेळ गप्प बसते. हे माझ्याकडून क्वचित घडतं, तेव्हा सभेने फायदा घ्यावा.

...

मागच्यांना दिसत नसेल म्हणून सांगते. अध्यक्ष उठले आहेत. काठी नाही सापडत त्यांना, अरे द्या कोणीतरी. तुमच्या उजव्या बाजूला, भाऊजी. हं.

काय म्हणालात? मोठ्याने. माझे कान म्हातारे आहेत आणि पलत्याला लिहायचंय.

"नख माझं होतं."

ऐकलंत सगळ्यांनी? आणखी बोलताहेत, थांबा.

"नख माझं होतं. गालाल शफातचा मुलगा नव्हता, जावई होता. आसाफच्या घराण्यातला लेवी. मी त्याचं गाणं ऐकत राहिलो आणि त्याचं नाव परत दिलं नाही. मला वाटायचं, तो एकदा तरी मागेल."

पुरे, भाऊजी. बसा. अध्यक्षांनी थोडक्यात बोलावं हेच बरं. त्याने मागितलं नसतं. त्याने माझ्याकडेही कधी मागितलं नाही. ते पाणी आता प्या.

पलत्या, मिळालं तुला दुसरं तोंड? मग लिही. नाही, ती सुरी ठेव! खरवडायचं नाही. शफात माझा बाप आहे. त्याने घाम गाळलेल्या जमिनीवर आम्ही जगलो, त्याला घालवू नकोस. नोहाच्या मेंढ्यांना दोन ठिकाणी जागा दिलीस, मग माझ्या नवऱ्याला का नाही? दोन्ही लिही. कसं लिहायचं ते तू जाण, मी फक्त ऐकणार. लिहून झालं की वाच.

"गालालचे वंशज, आसाफच्या गायकांपैकी, लेवी. या गालालने यहूदा कुळातल्या शफातची मुलगी बायको करून घेतली आणि तिच्या घराण्याच्या नावाने तो ओळखला गेला."

पुन्हा वाच.

बरं आहे. "बायको" म्हणून कुठेतरी लिहिली गेले एकदाची. माझं नाव नाही घातलंस, पण असू दे, एका दिवसात किती मागायचं.

पाहुण्यांना एक विचारते. तिथले याजक ही ओळ मानतील? काय म्हणता? "ते मी सांगू शकत नाही, आजी. अशी घराणी दारात थांबवलेली मी पाहिली आहेत." खरं बोललात, आभारी आहे. गोड बोलून नावेत बसला असतात तर मला झोप लागली नसती. आताही लागेल असं नाही. उझ्झी, ऐकलंस? दार उघडेल की नाही ते कोणी सांगत नाही. पण ओळ खरी आहे आणि तिच्यामागे दोन तोंडं आहेत. थांबवलं तर दारात उभा राहून ती वाचून घे त्यांच्याकडून. एकदा नाही मानली तर दुसऱ्यांदा वाचायला लाव. चिवटपणा तुला माझ्याकडून आहे, तो यादीत लिहावा लागत नाही.

राजाच्या कोठारात मी अजून गालालची बहीणच आहे. ते कोणी काढलं तर जमिनीचं काय, हे मी मिकाला परवा विचारलं. तो नांगर दुरुस्त करत होता. मान वर न करता म्हणाला, "आई, राजाला धनुष्य पाहिजे, ते मी ओढतो. तू बोल." म्हणून मी बोलले. पुढचं पुढे. भीती वाटते, ती मी लपवत नाही.

उझ्झी, आता उठ. नावेत बसायच्या आधी, आणि यांना घाई आहे तरी, माझ्यासमोर उभा राहा. तिथे विचारतील तसं मी विचारते. तू कोण?

"उझ्झी. मिकाचा मुलगा, गालालचा नातू. लेवी."

हं. जा.

आता आभार. पलत्या, तीस वर्षं तू आमची तोंडं सांभाळलीस, आता स्वतःची तब्येत सांभाळ. वाटेत थंडी आहे आणि तुला पांघरूण विसरायची सवय आहे. कोकरू कापणारे, भाकरी भाजणाऱ्या, खजूर पाठवणारे शेजारी, या सर्वांची मी ऋणी आहे. पाहुण्यांनी सूर्याकडे बघत बघत का होईना ऐकून घेतलं. आणि अध्यक्षांचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ आहे, नोंद करून ठेवा. उद्या कोणी त्यांच्या दारात जाऊन वाकडं बोललं तर आधी माझ्या दारावरून जावं लागेल, एवढं टवाळांनी लक्षात ठेवावं.

माझ्या बोलण्यात अधिकउणं काही गेलं असेल, ज्यांना टोचायचं नव्हतं त्यांना टोचलं असेल, तर सभेने मोठ्या मनाने पोटात घालावं. भाषणाच्या आधी पंचेचाळीस वर्षं जे चुकलं, त्याची क्षमा मात्र मी तुमच्याकडे मागत नाही. ती ज्याच्याकडे मागायची तो गावाबाहेरच्या मातीत निजला आहे. तुमची नाव वळणाआड गेली की मी तिकडे जाणार आहे. त्याने आज केली नाही, तर उद्या पुन्हा जाईन. मला तरी आता दुसरं काय काम आहे?